नव्याने बांधलेले आऊटबोर्ड इंजिन जड फिरते तेव्हा

कोकण किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला पावसाळी बंदी लागते. होड्या वर ओढून झाकल्या जातात आणि वर्षभर खाऱ्या पाण्यात राबलेली इंजिने कामासाठी खोलली जातात. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची पोकळी, घासला गेला असेल तर लेथवाल्याकडून रिबोअर होतो, म्हणजे तो किंचित मोठा कातला जातो, नवे पिस्टन आणि रिंगा येतात, बेरिंगे आणि सील बदलतात. इंजिन पुन्हा पायावर बसवून दोरी ओढावी, तर ती पूर्वीसारखी सुटून येत नाही, हाताला मध्येच अडते किंवा खांद्याचा सगळा जोर लावल्याशिवाय हलतच नाही. पहिल्यांदाच स्वतःचे इंजिन घेतलेला होडीवाला, मग तो देवगडचा मच्छीमार असो किंवा तारकर्लीत पर्यटकांना फिरवणारा तरुण, अशा वेळी हमखास एकच सल्ला ऐकतो: चालवून चालवून मोकळे होईल. हा सल्ला अर्धाच खरा आहे. नव्या रिंगांमुळे आलेला जडपणा चालवून जातो. चुकीच्या जोडणीमुळे आलेला जडपणा मात्र चालवल्यावर पिस्टन, बोअर आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) घेऊन जातो, आणि नुकताच केलेला सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीच जडपणा नेमका कुठे आहे हे शोधावे.

पुढील विवेचन ८ ते १५ अश्वशक्तीच्या, दोन सिलिंडरच्या, दोरीने सुरू होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांना धरून केले आहे, कारण आपल्याकडे लहान होड्यांवर बहुतांश तीच दिसतात. फोर-स्ट्रोक इंजिनाचा उल्लेख जिथे वेगळेपणा आहे तिथेच केला आहे.

साहजिक जडपणा आणि संशयास्पद जडपणा

नव्याने होन केलेल्या, म्हणजे बारीक दगडाने घासलेल्या, बोअरच्या पृष्ठभागावर आडव्यातिडव्या बारीक रेघा असतात आणि नव्या रिंगांचा ताण पूर्ण असतो, त्यामुळे घर्षण वाढणारच. त्यात नव्या ऑईल सीलच्या ओठांची पकड आणि वॉटर पंपातील नव्या इंपेलरच्या रबरी पात्यांचा दाब यांची भर पडते. या तिन्हींमुळे येणारा जडपणा संपूर्ण फेऱ्यात सारखा असतो, फ्लायव्हील हळू फिरवले तर हाताला एकसंध ओढ जाणवते आणि चार-सहा फेऱ्यांनंतर तेल पसरले की ती थोडी कमीही होते. याउलट फेऱ्यात ठराविक जागी अडणे, कुरकुर आवाज येणे, फिरवता फिरवता जडपणा वाढत जाणे किंवा एखाद्या जागी थेट ठोकल्यासारखे थांबणे, यांपैकी काहीही आढळले तर ते नवेपणाचे लक्षण मानू नये.

एक अपवाद आधीच सांगतो, कारण त्याने नवखे लोक उगाच घाबरतात. फ्लायव्हीलच्या आत लोहचुंबक असतात आणि ते कॉइलच्या लोखंडी गाभ्यासमोरून जाताना हाताला लहान लहान हिसके देतात. हे हिसके एका फेऱ्यात ठराविक अंतराने येतात, मऊ असतात आणि पुढे ढकलल्यावर चाक स्वतःहून पुढे ओढले जाते. खऱ्या अडथळ्यात चाक असे पुढे ओढले जात नाही.

सुरुवात बाहेरून करावी

सर्वप्रथम इंजिन उभे आणि न्यूट्रलमध्ये ठेवावे, बंद करण्याच्या बटणाची दोरी काढून टाकावी, दोन्ही स्पार्क प्लग काढावेत आणि प्लगच्या तारा ब्लॉकच्या धातूला टेकवून ठेवाव्यात, म्हणजे फिरवताना ठिणगी हवेत पडणार नाही आणि इग्निशनचेही नुकसान होणार नाही. प्लग काढताच इंजिन सहज फिरू लागले तर अडचण बहुधा यांत्रिक नाही. नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन वाढलेले असते, किंवा जोडणी करताना ओतलेले जादा तेल अथवा कार्ब्युरेटरमधून उतरलेले पेट्रोल सिलिंडरमध्ये साठलेले असते. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे थोडेसे तेलही पिस्टनला वर येऊ देत नाही आणि तशा स्थितीत दोरीला जोराचा हिसका दिला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लगच्या भोकांवर कापड धरून चाक सावकाश फिरवावे आणि जे बाहेर येईल ते पाहावे. तेल किंवा पेट्रोल असेल तर पुसून पुढे जावे, पण पाणी आले तर हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाची, गॅस्केट आणि हेडचा सपाटपणा तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

त्यानंतर दोरीची पेटी, म्हणजे रिकॉइल स्टार्टर, वरून काढून बाजूला ठेवावी आणि तिची दोरी हातात धरून ओढून पाहावी. कित्येकदा दोष इंजिनात नसतोच. पावसाळ्यात पडून राहिलेल्या पेटीतील पुली गंजून घट्ट झालेली असते, किंवा गिअरमध्ये इंजिन सुरू होऊ नये म्हणून दिलेल्या अटकावाची केबल जोडताना चुकीच्या लांबीवर बसवलेली असते आणि न्यूट्रलमध्येही तो अटकाव पुलीत अडकतो. पेटी काढल्यावर फ्लायव्हील दोन्ही हातांनी, दोरी ज्या दिशेने फिरवते त्याच दिशेने फिरवावे. वरून पाहिले असता ही दिशा घड्याळाच्या काट्याची असते. उलट दिशेने फिरवणे टाळावे, कारण वॉटर पंपातील इंपेलरची पाती एका दिशेला वाकून बसलेली असतात आणि उलट फिरवल्यास ती मोडू किंवा उलटी वळू शकतात.

या टप्प्यावर जडपणा मोजून ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा पुरतो. फ्लायव्हीलवर आणीबाणीची दोरी गुंडाळण्यासाठी खाच असते, तिच्यात गाठ अडकवून दोरीचे दोन-तीन वेढे द्यावेत, दुसरे टोक काट्याच्या हुकाला बांधावे आणि प्लग काढलेल्या स्थितीत सावकाश ओढावे. हलायला लागतानाचा आकडा सोडून द्यावा, एकसारखे फिरत असताना काटा किती किलो दाखवतो ते लिहून ठेवावे आणि फेऱ्यात कुठे काटा उडी मारतो तिथे फ्लायव्हीलवर खडूची खूण करावी. या आकड्याला स्वतःपुरताच अर्थ आहे, पण पुढे एक एक भाग काढल्यावर तो किती उतरला हे कळले की दोषाचे ठिकाण उघड होत जाते.

खालचा भाग की वरचा

आता इंजिनाचे दोन भाग करून पाहायचे असतात. आधी पंखा हाताने फिरवावा. न्यूट्रलमध्ये तो दोन्ही दिशांना सहज फिरला पाहिजे. फिरत नसेल तर पंख्यामागे जाळ्याचा तंगूस गुंतला आहे का, पंख्याच्या पुढचा थ्रस्ट वॉशर राहून गेला आहे का आणि त्यामुळे नट आवळल्यावर पंखा थेट गिअरबॉक्सच्या तोंडाला घासतो आहे का, हे पाहावे. वॉशर राहून जाणे ही गर्दीत काम उरकताना होणारी अगदी नेहमीची गोष्ट आहे.

पंखा मोकळा असला तरी त्यावरून खालचा भाग निर्दोष ठरत नाही, कारण न्यूट्रलमध्येही उभा ड्राइव्ह शाफ्ट, वॉटर पंप आणि पिनियन (शाफ्टच्या खालच्या टोकाचा लहान गिअर) हे क्रँकसोबत फिरतच असतात. म्हणून गिअर रॉडचा जोड सोडून, बोल्ट काढून संपूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा. नवख्या माणसाला हे मोठे काम वाटते, परंतु लहान इंजिनात ते अर्ध्या तासाचे आहे आणि त्यातून मिळणारी माहिती वरचे अख्खे इंजिन खोलण्याचा त्रास वाचवू शकते. गिअरबॉक्स उतरताच वरचे फ्लायव्हील मोकळे फिरू लागले, तर दोष खाली आहे.

खालच्या भागातला दोष शोधण्याचा क्रम सरळ आहे. ड्राइव्ह शाफ्ट बोटांनी घड्याळाच्या दिशेने फिरवावा. कोरडा नवा इंपेलर चांगलाच घट्ट लागतो, त्याच्यावर साबणाचे पाणी सोडले की फरक कळतो. तरीही घट्ट असेल तर पंपाचे घर काढून केवळ शाफ्ट फिरवावा. आता तो सहज फिरला तर इंपेलर दुसऱ्या मॉडेलचा आहे, किंवा त्याच्याभोवतीचे स्टेनलेसचे कडे पंपाच्या घरात नीट बसलेले नाही. इंपेलर काढूनही शाफ्ट जड असेल तर गिअरबॉक्सच्या आत शिम (अंतर राखणाऱ्या पातळ चकत्या) चुकीच्या जाडीचे पडले आहेत आणि गिअरचे दात एकमेकांत गच्च बसले आहेत असे समजावे. दातांमधली मोकळीक मोजून शिम बदलणे हे डायल गेज आणि त्या मॉडेलची पुस्तिका हाताशी असणाऱ्या मेकॅनिकचे काम आहे, तिथे अंदाज चालत नाही.

दोन्ही भाग वेगवेगळे मोकळे फिरतात आणि जोडले की जड होतात, असेही घडते. याचे कारण बहुधा शाफ्टच्या टोकावर असते. ड्राइव्ह शाफ्टच्या खाचा क्रँकच्या खालच्या टोकात सरकतात, आणि त्या सहज सरकाव्यात म्हणून काही जण शाफ्टच्या माथ्यावर ग्रीसचा गोळा ठेवतात. त्या ग्रीसला बाहेर पडायला वाट नसते, बोल्ट आवळले की ते आत कोंडते आणि क्रँकला वर रेटते. ग्रीस खाचांच्या बाजूंना पातळ लावावे आणि माथा पुसून कोरडा ठेवावा. त्याचप्रमाणे गिअरबॉक्स हाताने वर ढकलूनच जवळजवळ पूर्ण टेकला पाहिजे. फट राहत असेल तर खाचा जुळलेल्या नाहीत किंवा पंपाची पाण्याची नळी तिच्या भोकात गेलेली नाही. ती फट बोल्ट आवळून मिटवू नये, फ्लायव्हील किंचित फिरवून खाचा जुळवाव्यात.

वरचा भाग जड असेल तर

गिअरबॉक्स उतरवूनही जडपणा तसाच राहिला, तर पुलरने फ्लायव्हील काढावे. हातोड्याने ठोकून काढल्यास क्रँकचे टोक आणि चुंबक दोन्ही धोक्यात येतात. फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला आणि कॉइलच्या तोंडावर चकाकणारी ताजी रेघ दिसते का ते उजेडात नीट पाहावे. रेघ असेल तर कॉइलचा पाया हलला आहे, चुंबक सुटला आहे किंवा क्रँकवरील चावी तिच्या घरात नीट न बसल्याने चाक तिरके बसले आहे. याच वेळी आजूबाजूचे बोल्टही पाहून घ्यावेत, कारण इंजिन खोलताना बोल्ट एकाच डब्यात टाकले की लांब बोल्ट आखूड बोल्टच्या जागी जातो आणि त्याचे टोक पलीकडे फिरत्या भागाला टेकते.

फ्लायव्हीलशिवायही क्रँक जड असेल तर आता हेड काढण्यास पर्याय नाही. खडूने खूण केलेली अडण्याची जागा पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हाच येत असेल तर पिस्टन हेडला लागत असण्याची शंका घ्यावी. एकदा तापून वाकलेले हेड घासून सपाट केलेले असेल, किंवा गॅस्केट पातळ मिळाली असेल, तर हे शक्य आहे. पिस्टनच्या माथ्यावर कडेला सोल्डरिंगची मऊ तार ग्रीसने चिकटवून, हेड ठरलेल्या टॉर्कने (मोजून लावलेल्या पिळाने) आवळून, एक फेरा फिरवून पुन्हा काढले की दबलेल्या तारेची जाडी म्हणजे तिथली मोकळीक. हेड सैल असताना क्रँक मोकळा आणि आवळल्यावर सारखा जड होत असेल, तर बोल्ट क्रमाने आवळले गेले नाहीत आणि बोअर किंचित पिळला गेला आहे. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत.

आता पिस्टन आणि रिंगांकडे वळू, कारण सर्वाधिक दोष इथेच सापडतात. टू-स्ट्रोक इंजिनात रिंगेची टोके सिलिंडरच्या खिडकीत (वायू आत-बाहेर जाण्याच्या भोकात) अडकू नयेत म्हणून पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते आणि रिंगेच्या दोन टोकांच्या मधोमध ती बसावी लागते. बोअरमध्ये पिस्टन सरकवताना रिंग अर्धा मिलिमीटर जरी फिरली आणि तिचे टोक पिनेवर चढले, तर रिंग खाचेत पूर्ण दबत नाही. जोर लावल्यावर पिस्टन आत जातो, पण बोअरला उभा ओरखडा पडत जातो. बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्टचे झाकण काढल्यावर खिडकीतून रिंगा दिसतात. पिस्टन सावकाश हलवून प्रत्येक रिंग खिडकीसमोर आणावी आणि लाकडाच्या बोथट काडीने हलकेच दाबावी. रिंग आत दबून पुन्हा बाहेर आली तर ती मोकळी आहे. दगडासारखी लागली तर ती पिनेवर चढली आहे किंवा खाचेत कार्बन राहिला आहे. जुना पिस्टन पुन्हा वापरून फक्त रिंगा बदलल्या असतील तर कार्बनची शक्यता मोठी असते, आणि तो काढायला मोडक्या जुन्या रिंगेचा तुकडा हेच उत्तम हत्यार आहे.

रिंगेच्या टोकांमधील फट जोडणीपूर्वीच मोजलेली असायला हवी. रिंग एकटीच बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलावी आणि फिलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पात्यांनी, फट पाहावी. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, पण स्थूल हिशोब असा की बोअरच्या दर १०० मिमी व्यासामागे सुमारे ०.४ मिमी, म्हणजे ५६ मिमी बोअर असलेल्या इंजिनाला साधारण ०.२२ मिमी. फट याहून फार कमी असेल तर थंड इंजिन फिरेलही, परंतु तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडून रिंग बोअरमध्ये रुतेल.

पिस्टन आणि बोअर यांच्यातील मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांत असते. ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा पिस्टन आणल्यावर लेथवाल्याने प्रत्येक बोअर त्या त्या पिस्टनवर मोजून काढला पाहिजे, केवळ नावाच्या मापावर नव्हे. दोन्ही पिस्टन एकाच मापाचे आहेत म्हणून अदलाबदल केले तरी चालतील, हे गृहीत धरू नये. पिस्टनच्या माथ्यावर बाण किंवा अक्षरे असतात, त्यांची दिशा पुस्तिकेप्रमाणे आहे ना हेही पाहावे.

होनिंगनंतर बोअर कशाने धुतला हे मेकॅनिकला विचारण्यात संकोच करू नये. पेट्रोलने धुतल्यास दगडाची भुकटी रेघांमध्ये तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी धुऊन, लगेच तेल लावून, पांढऱ्या कापडाने पुसल्यावर कापड करडे होऊ नये. ते करडे झाले तर पुन्हा धुवावे. ही भुकटी राहिलेले इंजिन जड फिरतेच, शिवाय नव्या रिंगा आणि बेरिंगे घासून लवकर संपवते.

क्रँककेस

पिस्टन निर्दोष असूनही क्रँक जड असेल, तर उरते ते क्रँककेस. टू-स्ट्रोकचा क्रँक दोन अर्धांच्या मध्ये बसतो, आणि बऱ्याच इंजिनांत मुख्य बेरिंगच्या बाहेरच्या कड्याला एक भोक किंवा खाच असते, तिच्यात ब्लॉकमधील पिन शिरते. कडे थोडे फिरून बसले तर पिन भोकात न जाता कड्याला टेकते. बोल्ट आवळत जावे तसे कडे दाबले जाते आणि आतली बेरिंग आवळली जाते. दोन सिलिंडरांच्या मधल्या सीलचेही तेच. म्हणून दुसरा अर्धा ठेवल्यावर तो हाताच्या दाबाने पूर्ण मिटला पाहिजे. सांध्यामागे बॅटरी धरून पाहावे. उजेडाची रेघ दिसत असेल किंवा ०.०५ मिमीचे पाते सांध्यात शिरत असेल, तर एकही बोल्ट न आवळता सगळे पुन्हा उचलावे.

बंद इंजिनात हाच दोष ओळखायचा झाल्यास क्रँककेसचे बोल्ट क्रमाने अर्धा-अर्धा फेरा सैल करून पाहावेत. बोल्ट सैल होताच क्रँक मोकळा झाला तर निदान पक्के झाले. मात्र असे केल्यावर सांध्याचा सीलंट तुटतो, तो पूर्ण काढून, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून नवाच लावावा लागतो, कारण या सांध्यातून हवा शिरली तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जळतो. दोन अर्ध एकत्रच मशीन केलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या इंजिनाचा अर्धा आणून बसवणे हा उपाय नाही. फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर क्रँक स्वतःच वाकडा झाला आहे का, हे व्ही-ब्लॉकवर डायल गेजने पाहावे लागते. ज्या इंजिनांत पिस्टनच्या पिनेभोवती सुट्या सुया असतात, तिथे एखादी सुई जोडताना घसरून क्रँककेसमध्ये पडलेली असू शकते. सुया मोजूनच बसवाव्यात आणि मोजूनच काढाव्यात.

फोर-स्ट्रोक इंजिनात याखेरीज दोन जागा पाहाव्यात. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळल्या नसतील तर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, तिथे जोर लावणे म्हणजे व्हॉल्व्ह वाकवणे होय. रॉडच्या टोप्या आणि कॅमच्या टोप्या आपापल्या जागी, आपापल्या दिशेनेच बसाव्या लागतात. एकही उलटी झाली तर शाफ्ट आवळला जातो.

पुन्हा जोडताना आणि पहिल्यांदा सुरू करताना

दोष सापडल्यावर जोडणी टप्प्याटप्प्याने करावी आणि प्रत्येक टप्प्यावर फिरवून पाहावे: केवळ क्रँक, मग पिस्टनसह ब्लॉक, मग हेड आवळल्यावर, मग फ्लायव्हील, शेवटी गिअरबॉक्स. फ्लायव्हील बसले की तिथून पुढे काट्याचा आकडाही लिहीत जावे. ज्या टप्प्यावर जडपणा एकदम वाढेल तिथेच थांबावे. बेरिंगे, रिंगा आणि बोअर यांना टू-स्ट्रोकचेच तेल लावावे, ग्रीसने माखू नये. हे तेल टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचे, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या आऊटबोर्डसाठीचे असावे. मोटारसायकलचे टू-टी तेल त्या जागी वापरू नये.

सुरू करण्यासाठी इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभे करावे आणि पाणी पंख्यावरील आडव्या पट्टीच्या वर असावे. कोरडे एकदाही फिरवू नये. ज्या इंजिनांना नेहमी ५०:१ मिश्रण लागते, त्यांपैकी अनेकांना सुरुवातीच्या काळात २५:१ सांगितलेले असते, म्हणजे लिटरमागे २० मिलीऐवजी ४० मिली तेल. पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. सुरू होताच तपासणीच्या भोकातून पाण्याची धार येते का पाहावे, ती न आल्यास लगेच बंद करावे.

पहिल्यांदा इंजिन काही मिनिटेच मंद गतीने चालवून बंद करावे, आणि ते गरम असतानाच प्लगच्या तारा धातूला टेकवून, प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवावे. थंड असतानापेक्षा गरम असताना ते जड लागत असेल, तर पिस्टनची मोकळीक किंवा रिंगेची फट कमी आहे. तेव्हा पाण्यात नेऊ नये. एक्झॉस्टचे झाकण काढून पिस्टनची बाजू बघावी: चारही कोपऱ्यांत उभे चट्टे दिसले तर पिस्टन सगळीकडून फुगून घट्ट झाला आहे आणि बोअर पुन्हा होन करावा लागेल. चट्टे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर थंड करणारे पाणी किंवा तेल कमी पडते आहे. गरम असतानाही चाक तितकेच किंवा अधिक मोकळे फिरले, तर इंजिन थंड होऊ द्यावे, पुस्तिकेत सांगितले असल्यास हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासावेत आणि होडी पाण्यात उतरवावी. सुरुवातीचे काही तास पूर्ण थ्रॉटल देऊ नये, एकाच गतीवर लांब पल्ला मारू नये, आणि दर फेरीनंतर दोरीची ओढ कशी बदलते आहे ते पाहत जावे.